‘किती देते?’

आमच्या बोईसरमध्ये कुणी नवी गाडी घेतली की हार पडतो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं आणि पेढा तोंडात पडायच्या आधी कुणीतरी विचारतंच, “किती देते?” काय देते, हे सांगावं लागत नाही. मराठीत ‘देणे’ हे क्रियापद असं अर्धवट सोडून आपण दोघींबद्दलच वापरतो. एक गाडी, दुसरी म्हैस. कमी देणारी गाडी मग ‘पिते’, नाहीतर ‘खाते’.

‘ॲव्हरेज’ हा शब्दही असाच. मुळात त्याचा अर्थ नुसता सरासरी. कशाची सरासरी ते वेगळं सांगावं लागतं. आपल्याकडे तो गाडीचा गुण झालाय. पोरगी गोरी आहे, पोरगा निर्व्यसनी आहे, गाडीला ॲव्हरेज आहे.

आमच्या घरच्या बुलेटला ॲव्हरेज नव्हतं. निदान मी लहानपणापासून तसंच ऐकत आले. १९८० चं मॉडेल, साडेतीनशे सीसी, कास्ट आयर्नचं इंजिन, उजव्या पायाला गिअर. बाबांनी ती १९८६ साली पालघरच्या एका गृहस्थाकडून सेकंडहँड घेतली. आई तिला ‘पांढरा हत्ती’ म्हणायची. गाडी काळी होती, पण आईचा मुद्दा स्वच्छ होता.

२०२५ मध्ये तिच्या नोंदणीची मुदत संपत आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नूतनीकरण करायचं, वर पर्यावरण कर भरायचा. त्याच सुमारास एकाने चांगली किंमत सांगितली. जुन्या बुलेटला हल्ली गिऱ्हाईक फार. मी विकण्याच्या बाजूने होते. मी रोज बोईसरहून पालघरला स्कूटरने नोकरीला जाते, आणि शंभरीपार पेट्रोलच्या दिवसांत अंगणात उभी असलेली बुलेट म्हणजे मला नुसती भावना वाटत होती. कागदपत्रं शोधायला कपाट उघडलं, तर आरसी बुकाच्या खाली बाबांची लाँगबुक सापडली.

लाल कापडी पाठीची वही. आत पाच रकाने आखलेले: तारीख, किमी, लीटर, भाव, कुठे. पहिली नोंद १९८६ ची, शेवटची २००३ ची. ठिकठिकाणी ‘टाफु’ असं लिहिलेलं. ‘टाकी फुल’. म्हणजे बाबांना हिशेबाची खरी रीत माहीत होती: टाकी गळ्यापर्यंत भरा, मीटर लिहून ठेवा, पुन्हा गळ्यापर्यंत भरा, मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. काट्यावर भरवसा नाही. तसा बुलेटला पेट्रोलचा काटा नव्हताच. टाकी हलवायची आणि आतला आवाज ऐकायचा. गाडी आचके द्यायला लागली की हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा.

ही वही मी आधी गंमत म्हणून चाळली. मग फोनमधल्या शीटमध्ये उतरवून काढली. त्यासाठी तीन रविवार गेले.

* * *

या वहीआधी या गाडीचा थोडा इतिहास सांगायला हवा, कारण बुलेट घेताना भारतात कुणी ‘किती देते’ विचारतच नव्हतं, असाही एक काळ होता.

रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. पन्नाशीच्या दशकात भारतीय लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी साडेतीनशे सीसीच्या बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन त्या तिकडे मद्रासजवळ जोडल्या जाऊ लागल्या. पहिलं गिऱ्हाईक लष्कर, मग पोलीस. दोघांचंही पेट्रोल सरकारी. दगडधोंड्यांतून जाईल का, नादुरुस्त झाली तर पान्यांच्या एका पुडक्यात उघडून लावता येईल का, दोन माणसं आणि सामान ओढेल का, हे प्रश्न त्या गाडीला विचारले गेले. लीटरमागे किती, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशातून पैसे जात नव्हते. आज ज्याला दुकानात ‘ॲडव्हेंचर टूरिंग’ म्हणतात, ते काम आपल्याकडे या गाडीने नाव मिळायच्या कितीतरी आधी केलं.

मग १९७३ उजाडलं. ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं, भाव भडकले. १२ नोव्हेंबर १९७३ ला अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल-रॉकेलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले, तो प्रसंग तुम्ही फॉरवर्डमध्ये पाहिला असेल. इंधन मोजून वापरायची गोष्ट आहे, हे शहाणपण देशाला एका हिवाळ्यात आलं. १९७८ मध्ये सरकारने पीसीआरए नावाची इंधनबचतीची संस्थाच काढली. ‘ताशी ४५ ते ५५ च्या वेगाने गाडी चालवा’ हा उपदेश तिचाच.

आमच्या भागात तर इंधनटंचाईचा दुसराच धडा चालू होता. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं. अमेरिकी बनावटीच्या दोन अणुभट्ट्या, आणि त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही १९६३ च्या कराराप्रमाणे अमेरिकेकडूनच यायचं. १९७४ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली आणि त्या पुरवठ्यात खोडे सुरू झाले. अखेर १९८२ मध्ये फ्रान्स पुरवठ्याला तयार झाला. गाडी दारात उभी आणि पंपवाला देईना, ही अवस्था आमच्या गावाने एवढ्या मोठ्या मापात पाहिली आहे. असो, हे विषयांतर. पण बोईसरवर लिहायचं आणि चिमणीकडे बघायचं नाही, हे जमत नाही.

केंद्राच्या पाठोपाठ एमआयडीसी वाढली. रसायनं, कापड, स्टील. सगळ्या महाराष्ट्रातून माणसं आली, तसे बाबा चाळीसगाव तालुक्यातून आले. भोंग्याच्या वेळेला पोचायचं, सुटल्यावर घरी यायचं. सरावलीतल्या आमच्या खोलीपासून कारखाना जेमतेम चार किलोमीटर. हे काम बुलेटचं नव्हतं. ते काम ज्या गाडीचं होतं ती १९८५ मध्ये आली: हिरो होंडा सीडी १००. सत्त्याण्णव सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, लीटरला ८० किलोमीटरचा दावा आणि ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही जाहिरात. भरा, झाकण लावा, विसरा. माझ्या मते ‘किती देते’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने घरोघरी पोचला तो इथून. तोवर लोक गाडी मिळते का, हेच विचारत होते.

तिच्यापुढे बाकीच्या गाड्या उधळ्या ठरल्या. राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असतानाच धुराची वाट उघडी असते, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच बाहेर निघून जातं. शिवाय पेट्रोलमध्ये ऑईल मिसळा ते वेगळं. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० तर इतकी वेगवान आणि इतकी पिणारी, की तिच्या काळात ती खपलीच नाही. आता तिच्या किमती ऐकून डोळे फिरतात. (येझदीचं नाव इराणातल्या याझद शहरावरून आलं म्हणतात. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्या लावणाऱ्या इराणी घराण्यांचं मूळही त्याच मुलखातलं. आमच्या पट्ट्यात येझदीवर चिकूच्या करंड्या जायच्या, तेव्हा दोन्हींचं गाव एकच होतं, हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.)

१९९१ च्या जुलैत मनमोहन सिंगांच्या अर्थसंकल्पाने पेट्रोल २० टक्क्यांनी महाग केलं. वहीत त्या पानावर ‘भाव’ रकान्याखाली बाबांनी दोन रेघा ओढल्या आहेत. पुढच्या वर्षी घरात हिरो होंडा आली. बुलेटवर ताडपत्री पडली.

* * *

आता शीटमध्ये काय दिसलं ते सांगते.

१९८६ ते १९९२ या काळात बुलेटचे बहुतेक आकडे २६, २७, क्वचित २८. ‘कुठे’ या रकान्यात: कारखाना, कारखाना, बाजार, कारखाना, स्टेशन. १९९२ नंतर नोंदी विरळ होतात, पण आकडा चढतो. ३६. ३७. एकदा ३८. आणि ‘कुठे’ रकान्यात: जव्हार. महालक्ष्मी जत्रा. वज्रेश्वरी. नाशिक. गाव. गाव. गाव.

आधी मला वाटलं बाबांनी कार्बोरेटर बदलला असेल. वहीत तसं काही नाही. मेकॅनिकचा खर्च ते शेवटच्या पानांवर लिहीत, तिथे प्लग, पॉइंट, क्लच केबल, एवढंच. गाडी तीच, चालवणारा तोच, पेट्रोल तेच. बदलला होता तो फक्त रस्ता.

याचं कारण सोपं आहे आणि ते कळल्यावर मला जरा लाजच वाटली. बुलेटचं इंजिन म्हणजे लोखंडाचा मोठा गोळा. तो तापायला वेळ लागतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून जास्त पेट्रोल द्यावं लागतं. ऑईल घट्ट असतं, ते ढवळायलाही ताकद जाते. चार किलोमीटरच्या कारखान्यात इंजिन तापेतो पोचलेलं असायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे सहा वर्षं ती गाडी जवळजवळ थंडच धावली, वर फाटकात थांबणं, ट्रेलरच्या मागे रखडणं. आणि त्या सहा वर्षांच्या आकड्यावरून तिला घरात ‘पांढरा हत्ती’ हे नाव पडलं.

उलट मनोर ओलांडून विक्रमगडच्या बाजूला लागलं की तिचा स्वभाव बदलतो. पिस्टनचा फेरा लांब, ९० मिलिमीटरचा. कमी फेऱ्यांत जोर देणारं इंजिन. टॉपमध्ये ५० च्या वेगाला ती अगदी निवांत चालते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ऐंशीला पळवली तर पुन्हा पिणार. पण बाबांनी ती कधी साठच्या वर नेली नाही. पीसीआरएला असा शिष्य मिळाला नसेल.

वहीत ‘गाव’ या नोंदीपुढे दर वेळी एक बारीक वाक्य आहे: ‘एका टाकीत’. बोईसर, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, नाशिक, मालेगाव, चाळीसगाव. तीनशे किलोमीटरच्या आसपास. टाकी साधारण १४ लिटरची. पंपावर न थांबता गाव गाठलं, याचा त्यांना अभिमान होता. हे वाचताना मला एक गोष्ट कळली. कारखान्याला जाणारा माणूस विचारतो, लीटरला किती. लांब जाणारा विचारतो, टाकीला किती. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

जगातल्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींचा इतिहास बघितला तर तो दुसऱ्या प्रश्नाचाच इतिहास आहे. आमच्या बुलेटच्याच साली, १९८० मध्ये, बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली. या प्रकारच्या आजच्या गाड्यांची ती पणजी समजली जाते. १९८१ ची पॅरिस-डाकार शर्यत तिच्या जातीच्या गाडीने जिंकली, आणि पुढे तिची जी खास आवृत्ती आली तिला चक्क ३२ लिटरची टाकी होती. आठशे सीसीचं इंजिन जितकं प्यायचं तितकं पिऊ दे, आपण टाकी मोठी करू, हा जर्मन उपाय. आपला उपाय कॅरिअरला बांधलेला पाच लिटरचा डबा.

तिसराही एक उपाय आपल्याकडे झाला होता, डिझेल. शेतीपंपाची छोटी डिझेल इंजिनं लोक गॅरेजमध्ये बुलेटच्या सांगाड्यात बसवत होतेच. नंतर कंपनीनेच ३२५ सीसीची डिझेल बुलेट विकली. साडेसहा हॉर्सपॉवर. लीटरला सत्तरच्या पुढे देई, पण चढावर मागच्याला उतरवावं लागे आणि हँडल धरून हात बधिर होत. नुसत्या ॲव्हरेजच्या मागे लागलं की काय होतं, त्याचा हा नमुना.

* * *

वहीच्या अगदी शेवटी, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, पेन्सिलने एक गणित होतं.

१४ × २८ = ३९२
३९२ − ३६५ = २७
+ डबा ५ ली.

मला वाटलं वर्षाचा काही हिशेब असेल. ३६५ दिवस. पण किलोमीटरमधून दिवस कोण वजा करतं? बाबा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते, त्यांना विचारलं.

“बाबा, हे तीनशे पासष्ट काय आहे?”

त्यांनी चष्मा वर केला. “तांदी.”

“कोण तांदी?”

“अगं, कोण नाही. गाव आहे. मनालीच्या पुढे. तिथे शेवटचा पंप. त्यानंतर लेहपर्यंत तीनशे पासष्ट किलोमीटर काही नाही. आमच्या शॉपमध्ये एक हिमाचलचा वेल्डर होता, त्याने सांगितलेलं.”

तांदीच्या त्या पंपावरची पाटी आज इन्स्टावर सगळ्यांनी पाहिलेली असते: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मनाली-लेह रस्ता सर्वसामान्यांना खुला झाला १९८९ मध्ये. बाबांनी हे गणित मांडलं त्या पानाशेजारची नोंद १९९६ च्या मार्चची आहे. म्हणजे हिमालयात बुलेट नेणं ही फॅशन व्हायच्या, ‘हिमालयन’ नावाची गाडी निघायच्या वीस वर्षं आधी, सरावलीतल्या एका खोलीत बसून एक फिटर मोजत होता की आपली टाकी पुरेल का.

“पण लांबच्या रस्त्याला तर ही ३७ देत होती. तुम्ही २८ का धरले?”

“डोंगर आहे. थंडी आहे. चोक लागणार. वर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच येणार, गाडी काळा धूर टाकणार.” हे त्यांनी न थांबता सांगितलं, सगळं तयार होतं. आणि ते बरोबर होतं. तांदी-लेह वाटेवरचा तांगलांग ला पाच हजार मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो बोईसरच्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल ओतत राहतो. हिमालयनसारख्या गाड्यांत २०१७ पासून फ्युएल इंजेक्शन आलं, तिथे सेन्सर हवा मोजून पेट्रोल कमी करतो. बाबांच्या वेळी जेट बदलणं किंवा जवळ डबा ठेवणं, एवढंच हातात होतं.

“मग गेला का नाहीत?”

बाबांनी शेंगांचं टोपलं पुढे ओढलं. “त्या वर्षी कारखान्यात ले-ऑफ लागला ना.”

आई आतून म्हणाली, “मला हे कधी सांगितलं नाहीस.”

बाबा काही बोलले नाहीत. आईने बुलेटला हत्ती म्हणायची सहा वर्षं आणि त्यानंतरची तेहतीस वर्षं त्या एका वाक्यात होती, असं मला तेव्हा वाटलं; कदाचित मी उगाच जास्त वाचत असेन.

* * *

बुलेट विकायची नाही, हे ठरवायला मग बैठक बसावी लागली नाही. पण एक अडचण खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे.

आज पंपावर जे मिळतं ते १९८० चं पेट्रोल नाही. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लीटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज या मिश्रणावर तीन-चार टक्क्यांनी पडेल. बुलेट तर त्या जुळवणीच्याही आधीची. इथेनॉल जुन्या रबराला आणि वायसरला सोसत नाही, आणि ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या लोखंडी टाकीत आतून गंज चढतो. आमच्या मेकॅनिकने पेट्रोलची नळी, कॉकचं पॅकिंग आणि कार्बोरेटरचं किट बदललं. जुनी नळी हातात दिली, ती चिकट झालेली होती. जुनी गाडी जपणाऱ्यांना चोखंदळ म्हणून हिणवणं सोपं आहे. पंपावर दुसरा पर्यायच नसताना तो खर्च कुणी सोसायचा, याचं उत्तर मात्र कुणी देत नाही.

आरटीओचं काम झालं. गणपती उठल्यावर एका रविवारी मी आणि बाबा जव्हारला गेलो. मी चालवत होते, बाबा मागे. निघताना टाकी फुल. वाघोबा खिंडीत धुकं होतं. विक्रमगडला चहा घेतला, जव्हारला राजवाडा बाहेरूनच पाहिला, संध्याकाळी परत. बाबांनी वाटेत दोनच सूचना दिल्या: “साठच्या वर नको” आणि “क्लचवरचा हात काढ.”

परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरलं. १५२ किलोमीटर, ४.४ लीटर. फोनवर भागाकार केला: ३४.५. बाबांच्या जुन्या जव्हारपेक्षा दोन-तीनने कमी. सगळा दोष पेट्रोलचा नाही; इंजिन पंचेचाळीस वर्षांचं आहे, आणि मी क्लचवरचा हात काही वेळाने पुन्हा ठेवला होता.

घरी आल्यावर बाबांनी वही मागितली. बावीस वर्षांनी नवी तारीख पडली. किमी, लीटर, भाव. भाव लिहिताना क्षणभर थांबले. ‘कुठे’च्या रकान्यात ‘जव्हार’. मग मागचा पुठ्ठा उघडून पेन्सिलच्या गणिताखाली नव्याने लिहायला लागले.

१४ × २७ = ३७८
३७८ − ३६५ = १३

थोडा विचार करून ‘डबा ५ ली.’ मधला ५ खोडला आणि तिथे १० केला.